मशीनवरची चुंबळ

तोरण बांधायचं तर आधी दाराला चौकट हवी. भोसरीत आम्ही भाड्याने घेतलेल्या खोलीला ती नव्हती. विटांच्या भिंतीत दोन बिजागऱ्यांवर टांगलेलं पत्र्याचं दार, आणि वरचं छप्पर इतकं खाली की माझा नवरा शिफ्ट करून आला की मान वाकवूनच आत यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी हौसेने आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण बांधलं. ते त्याच्या डोक्यात अडकलं आणि दिवस मावळायच्या आत तुटून खाली आलं. तो हसला, मला मात्र राग आला. पुढच्या वर्षी मी तोरण केलं नाही, चुंबळ केली.

चुंबळ म्हणजे डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात ती गोल गादी. माझं माहेर मावळात, कामशेतच्या पलीकडे, सगळी भाताची खाचरं. तिथे चुंबळ फडक्याचीही करतात आणि पेंढ्याचीही. पेंढ्याची करायला आईनेच शिकवलं होतं. पेंढा भिजवून मऊ करायचा, पाणी निथळू द्यायचं, मग मूठभर घेऊन पीळ देत देत गोल फिरवायचा आणि सुतळीने करकचून आवळायचा. ओला असताना आवळला नाही तर सुकल्यावर ढिला पडतो, आणि फार ओला ठेवला तर आतून कुजतो. मी फक्त एवढंच केलं की तशी चुंबळ घेऊन तिच्यात झेंडू खोचले, मधेमधे हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताच्या लोंब्या बाहेर काढल्या आणि ती दाराच्या मधोमध खिळ्याला अडकवली. दार उघडलं की ती दाराबरोबर जायची. कुणाच्या डोक्याला लागायचा प्रश्नच नव्हता.

चाळीतल्या बायकांना हसायला विषय मिळाला. डोक्यावरची चुंबळ दाराला लावली, आता हंडा काय दाराच्या डोक्यावर देणार का, असं त्या एकमेकींना ऐकवत होत्या. मी ऐकून घेतलं. दिवाळीला त्यांतल्याच दोघी पेंढा मागायला आल्या. मी दिला, पण आधी थोडा वेळ दारात उभं केलं. हसल्याची तेवढी परतफेड मला करावीशी वाटली आणि मी केली.

मग मला नादच लागला. चैत्रात कडुलिंबाचा मोहोर खोचायचा, त्याचा कडवट गोड वास दुपारभर खोलीत राहायचा. श्रावणात तेरडा आणि आघाडा. तेरड्याची फुलं फार नाजूक, म्हणून ती सकाळी खोचायची आणि संध्याकाळी सुकली की काढून टाकायची. संक्रांतीला गव्हाच्या ओंब्या, ज्वारीची लहान कणसं, हरभऱ्याचे डहाळे. फाल्गुनात पळस. भर उन्हाळ्यात फुलं मिळत नसत तेव्हा बाभळीच्या वाळक्या शेंगा आणि सावरीचा कापूस. पेंढा आई पाठवायची. मावळातून कुणी ना कुणी लोकलने पिंपरीला कामाला यायचंच, त्यांच्याबरोबर एक भारा यायचा. हल्ली डिसेंबरात दुकानांच्या काचेत असली गोल कडी टांगलेली दिसतात, प्लॅस्टिकच्या पानांची आणि चकचकीत. मी बघते आणि पुढे जाते.

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी कामाला लागले ती एका पगारात घर भागत नव्हतं म्हणून. पाण्याच्या पंपाच्या मोटारी तिथे व्हायच्या. लेथ, ड्रिल आणि प्रेसवर पुरुष. मोटारीत बसणारी तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, गुंडाळायला आम्ही बायका. त्या खात्याला वाइंडिंग म्हणायचे. प्रत्येकीला एक मशीन होतं. डाव्या हाताने तार ताणून धरायची आणि उजव्या हाताने मशीनचं चाक फिरवायचं, मागे लोखंडी दांड्यावर तारेचं रीळ. तार जास्त ताणली तर तुटते, सैल सोडली तर वेढे एकावर एक चढतात. माझ्या मशीनचं चाक थंडीत जरा जड फिरायचं. त्याला सकाळी तेलाचे दोन थेंब आणि थोडा वेळ रिकामं फिरवणं लागायचं. हे मला ठाऊक होतं, कारण ते मशीन माझं होतं. मालक शेठ होते हे मला मान्यच आहे, तरी मशीन माझं होतं.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा. आदल्या दिवशी दुपारनंतर काम बंद, सगळं घासूनपुसून लख्ख करायचं, आणि आम्ही बायकांनी फुलांच्या ढिगाभोवती बसून हार करायचे. माझ्या पहिल्या वर्षी मी हारांऐवजी वाइंडिंगच्या मशीनसाठी लहान लहान चुंबळी केल्या. मशीनला हार घातला की तो लोंबकळतो आणि तेलात भिजतो. चुंबळ रिळाच्या दांड्याच्या टोकाला नीट बसते. सगळ्यांना त्या आवडल्या. खुद्द फोरमननी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

दुसऱ्या दिवशी नवी लुगडी नेसून, केसांत फुलं माळून, चुंबळी हातात घेऊन आम्ही आलो तर दारातच टोपली ठेवलेली. चुंबळी टोपलीत ठेवा आणि अंगणात जाऊन बसा, असं सांगण्यात आलं. मला वाटलं जागा कमी असेल. मग दिसलं की पॅकिंगमधला एक माणूस टोपली घेऊन आमच्या खात्यात शिरला आणि एकेका मशीनला चुंबळ लावत सुटला. लेथवाले आपापल्या लेथला स्वतः हार घालत होते, स्वतः कुंकू लावत होते. आमची मशीनं मात्र ज्याने जन्मात कधी तार धरली नव्हती तो सजवत होता. माझ्या मशीनची चुंबळ त्याने उलटी लावली, लोंब्या भिंतीकडे आणि सुतळीची गाठ पुढे. मी खिडकीतून बघत होते. मी विचारलं, असं का? शेजारच्या मशीनवर जी बसायची ती दुष्काळात परभणीकडून आलेली बाई, माझ्याहून मोठी. ती हळूच म्हणाली की बायकांचं सांगता येत नाही, कुणाला कावळा शिवलेला असेल. कावळा शिवणं म्हणजे महिन्याची अडचण, हे काय मला कुणी सांगायला हवं होतं? पण ते मशीनच्या बाबतीत कुणाला सुचेल असं मला वाटलं नव्हतं.

मी ते डोक्यातून काढू शकले नाही. माझं मागणं फार मोठं नव्हतं. मी माझ्या हाताने केलेली चुंबळ माझ्या मशीनला माझ्याच हाताने लावायची, एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीवर माझी नोकरी टांगलेली होती, हेही मला कळत होतं. शेठ धार्मिक होते आणि फोरमनचा शब्द शेठपुढे चालायचा.

वर्षभर मी त्यावर विचार केला, आणि जितका केला तितका संताप वाढला. आमच्या खोल्यांमधून ही शिवाशिव कधीच उठली होती. एकाच खोलीत बाजूला बसायचं तर कुठे बसायचं? मी बसले असते तर नवऱ्याला डबा कुणी दिला असता? पोटाची निकड आली की विटाळ आपोआप बाजूला बसतो, हे मी माझ्या घरातच पाहिलं होतं. कारखान्यातही तेच. महिन्याच्या महिन्याला आमच्यातली कुणी ना कुणी त्या अवस्थेत मशीनवर असायची आणि कुणी चकार शब्द काढत नसे. एकदा पोटात कळा येत होत्या म्हणून मी अर्धा दिवस मागितला, तर फोरमन म्हणाले होते की माल जायचाय, आज बसूनच काढा. तेव्हा माझ्या हाताने मशीन बाटलं नाही, तार बाटली नाही, मोटारीही बाटल्या नाहीत. त्या मोटारी कुणाच्या तरी विहिरीवर बसून पाणी ओढत होत्या आणि ते पाणी लोक देवाला घालत होते. मशीनला माझा विटाळ व्हायचा तो फक्त पेढे वाटायच्या दिवशी.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला की तुझं खरं आहे, पण खरं बोलून कामावरून जाशील. तो भित्रा नव्हता, त्याने गेटवर उभं राहून संपाचे दिवस काढलेले होते. पण ते भांडण पगाराचं होतं आणि हे असलं होतं, ज्याबद्दल बोलायलाच माणसं लाजतात. मी म्हटलं, लाजायचंच असेल तर त्यांनी लाजावं.

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी आली. माझ्या मशीनची चुंबळ मी घरी केली, जरा निगुतीने. पेंढ्यावर कॉइलला बांधतात ती पांढरी सुती पट्टी गुंडाळली, शेजारी शेजारी दाट झेंडू, आणि लोंब्या अशा सोडल्या की वाऱ्याने हलाव्यात. आणि त्याच सकाळी मला कावळा शिवला.

मी घरी राहू शकले असते. गप्प बसून चुंबळ लावायचा प्रयत्न करू शकले असते, कुणाला काय कळणार होतं? पण चोरून लावली तर ती त्यांच्याच नियमाने लावल्यासारखी झाली असती. मी आंघोळ केली, हिरवं लुगडं नेसले आणि चुंबळ हातात घेऊन कारखान्यात गेले. परभणीच्या बाईंना वाटेत सांगितलं. त्या जागीच थांबल्या.

"अगं माय, कशाला उगं नादी लागायलीस? टोपलीत ठेव अन् मोकळी हो."

मी टोपलीत ठेवली नाही. टोपली ओलांडून आत गेले आणि माझ्या मशीनपाशी उभी राहिले. बाकीच्या बायका दारात थबकल्या. पॅकिंगवाला गोंधळून फोरमनना बोलवायला गेला. ते आले, कपाळाला कुंकू, खांद्यावर उपरणं. भोसरी गावातलेच ते, जुन्या घरातले, एरवी शब्दाने सरळ. लेथपाशी शेठ नारळ घेऊन उभे होते आणि आता सगळे आमच्याकडे बघत होते.

"बाई, तुमी भाहेर बसा. लावायचं आमी बघतो," फोरमन म्हणाले.

मी म्हटलं, लेथवाले आपलं आपण लावतात, मीही माझं लावते.

त्यांनी आवाज खाली आणला. "तसं न्हवं. बायकांचं येगळं असतंय. कुनाला काय अडचन असंल, आमी कुनाकुनाला इचारत बसू?"

"विचारा की. मला आहे," मी म्हटलं. आवाज मी खाली आणला नाही. "आज सकाळपासून आहे. मागच्या महिन्यात मालाची घाई होती तेव्हाही होती, आणि तुम्हीच मला मशीनवरून उठू दिलं नाही. ते चाललं तर हेही चालेल."

सगळ्या पुरुषांसमोर, शेठसमोर मी ते बोलले होते. फोरमननी मान दुसरीकडे वळवली. तेवढ्या वेळात मी चुंबळ दांड्याच्या टोकाला बसवली, लोंब्या पुढे, गाठ मागे. मशीनला कुंकू लावलं. मग अंगणात जाऊन बसले.

शेठनी नारळ फोडला. आमच्या खात्यात प्रसाद आला नाही. दोन बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या, एकीने तर माझ्या हातचं पाणी नको म्हणून सांगितलं. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पुरुषांपेक्षा त्यांचंच जास्त वाटलं. परभणीच्या बाई मात्र माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि आपला पेढा मोडून अर्धा मला दिला. तो त्यांनी कुठून मिळवला, मी विचारलं नाही.

दसरा झाल्यावर कामाला आलो तेव्हा मला वाटलं होतं की हातात चिठ्ठी पडेल. तसं काही झालं नाही. दिवाळीच्या तोंडावर माल जायचा होता आणि वाइंडिंगला हात हवे होते. झालं ते वेगळंच. पूजेची सुकलेली फुलं गोळा करून नदीत सोडायची पद्धत होती. पॅकिंगवाला पोतं घेऊन सगळ्या मशीनवरून फिरला आणि माझ्यापाशी येऊन थांबला. विटाळातल्या बाईने लावलेली चुंबळ. तो हात लावेना. झाडूवाल्याला सांगितलं, तोही लावेना. फोरमन स्वतः आले, चुंबळीकडे पाहिलं, हात पुढे केला आणि मागे घेतला. मग मला म्हणाले की तुमची तुमी काढून टाका.

मी म्हटलं, दुसरी तयार झाली की काढते.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्यांनी स्वतःच्याच नियमाने मला केवढी मोठी जागा देऊन टाकली होती. त्या दांड्याला आता माझ्याशिवाय कुणी हात लावू शकत नव्हतं. मी सोडते होय? दिवाळीत शेवंतीची लावली. संक्रांतीला ओंब्यांची. चिमण्या शेडमध्ये शिरून दाणे टिपायच्या आणि तारेच्या रिळावर बसायच्या, मी त्यांना हाकलत नसे. एकदा मशीनचं बेअरिंग गेलं, फिटर हत्यारं घेऊन आला आणि चुंबळ बघून तसाच उभा राहिला. मी बाहेर डबा खात होते. मला बोलावणं आलं. मी भाकरी पुरती संपवली, हात धुतले, पाणी प्यायले आणि मग जाऊन चुंबळ उतरवली. फिटर तोवर भिंतीला टेकून बिडी ओढत होता. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा मीच चढवली.

हळूहळू इतर मशीनवरही चुंबळी दिसायला लागल्या. आधी परभणीच्या बाईंच्या, मग आणखी एकीच्या, शेवटी माझ्या हातचं पाणी नाकारणारीच्याही. कुणी काही जाहीर केलं नाही. पुढच्या खंडेनवमीला दारात टोपली नव्हती एवढंच. आम्ही आत गेलो, आपापल्या मशीनला लावल्या आणि बाहेर आलो. कुणाला अडचण होती, कुणाला नव्हती, हे कुणी कुणाला विचारलं नाही. प्रसाद आमच्या खात्यात आला, जरा उशिराच आला. मी तो घेतला, पण आभार मानले नाहीत.

असा काही काळ गेला. एका चैत्रात माझ्या मशीनवर कडुलिंबाच्या मोहोराची चुंबळ होती. जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि मी रिळाला तार लावत होते. फोरमन येऊन उभे राहिले. चुंबळीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मला वाटलं, पुन्हा काहीतरी निघालं. मी हातातली तार बाजूला ठेवली, भांडायचं झालं तर दोन्ही हात मोकळे हवेत.

"बाई, वैशाखात पोरीचं लगीन हाय," ते म्हणाले. "मांडवाच्या दाराला असल्या दोन पायजेत. घरात बायकांनी करून बघितल्या, जमंना."

मी विचारलं की फुलं कुठली हवीत. ते म्हणाले, तुमाला जी बरी वाटतील ती. त्या दिवसांत मोगरा मिळतो, मी म्हटलं, आणि लहान कैऱ्या पानांसकट. ते मान हलवत होते. मोगऱ्याचं आणि कैऱ्यांचं बोलणं झाल्यावरही ते गेले नाहीत, आणि मीही तार उचलली नाही. खरी गोष्ट दोघांनाही ठाऊक होती.

"करीन मी," मी म्हटलं. "पण लावणार मीच. माझी चुंबळ मी दुसऱ्याच्या हाती देत नाही."

त्यांचं घर गावातलं जुनं. घरात देव्हारा, सोवळंओवळं बघणारी म्हातारी आई, चारी बाजूंनी भावकी. पोरीचा मांडव आणि दारात मी, आणि तो दिवस माझा कसा असेल ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. त्यांनी खिशातला कापसाचा बोळा काढून बोटांना लागलेलं तेल पुसलं, ते आधीच पुसलेलं होतं.

"मग मांडवाच्या दिशी सकाळीच या," ते म्हणाले. "उनं व्हायच्या आत."

हा त्यांचा मोठेपणा म्हणून मी सांगत नाही. त्यांना चुंबळ हवी होती आणि ती मिळायचा दुसरा रस्ता नव्हता. पण अडचणीचा तो प्रश्न त्यांनी मला विचारला नाही. विचारला असता तर मी खरं ते सांगितलं असतं आणि मोगऱ्याच्या दोन्ही चुंबळी माझ्या पत्र्याच्या दाराला लावल्या असत्या.